स्क्रूवरचं बूच

माझा साडू पहिल्यांदा आमच्या सासऱ्यांच्या घरी आला तेव्हा त्याने त्यांची खुर्ची फोडली. भांडण नव्हतं, काही नव्हतं. बसायला दिलेली खुर्ची त्याच्या वजनाखाली कुरकुरली, एवढंच. हा उठला, खुर्ची उलटी केली, चारही पायांना एकेक हिसका देऊन पाहिला आणि मग दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून फरशीवर अशी आपटली की तिचे सहा तुकडे झाले. सासरे काठी शोधायला आत धावले. मी थोरला जावई, तोवर दोन वर्षांचा जुना झालेलो, म्हणून मधे पडलो. तर मलाच म्हणतो कसा, "अहो, मोडलेलीच होती ती. फक्त तुम्हाला सांगत नव्हती."

दाराआड माझी मेव्हणी फिसकन हसली, आणि लग्न तिथेच ठरलं म्हणायला हरकत नाही. सासरे काठी घेऊन बाहेर आले तेव्हा हा जमिनीवर मांडी घालून लाकडाच्या चिपा तासत होता. तासाभरात खुर्ची उभी राहिली. सासरे पुढे एकवीस वर्षं तिच्यात बसले, आणि तिच्यातच बसून त्याला शिव्या घालत राहिले.

तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव सुरुंग. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. एक मेव्हणी सोडून. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "भावजी, सुरुंगाला सांगा, पानं वाढलीत. वात पेटलेली असेल तर विझवून आणा."

त्याची नोकरी पत्र्याच्या कारखान्यात होती. तिथून तो का निघाला ते सांगत बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल. एवढंच सांगतो की मुकादमाचा डबा, मुकादमाचं टेबल आणि मुकादम हे तिघेही एकाच खिडकीतून बाहेर आले. खिडकी तळमजल्याची होती म्हणून बरं. घरी बसल्यावर त्याने मागच्या अंगणात पत्र्याची शेड घातली आणि लोकांनी टाकून दिलेलं बाहेरचं फर्निचर आणायला लागला. बागेतले बाक, हॉटेलच्या हिरवळीवरच्या खुर्च्या, पोहण्याच्या तलावाकाठच्या आरामखुर्च्या. उन्हापावसात राहून लाकूड राखेसारखं झालेलं असायचं, हात लावला की कुसळं घुसायची. हा त्याच्यावर तुटून पडायचा. खरवडणी घेऊन असा ओरबाडायचा की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. पण त्या राखेखालून मधाच्या रंगाचं सागवान वर यायचं तेव्हा मी स्वतः पाहिलंय, हा माणूस वाकून त्याचा वास घ्यायचा.

अंगणाच्या मधोमध एक काळा सपाट दगड होता. कुठलीही वस्तू आली की आधी त्या दगडावर आपटायची, ही त्याची रीत. "आपटल्याशिवाय जोड बोलत नाही," म्हणायचा. जो सुटेल तो नव्याने करायचा, जो टिकेल त्याला हात लावायचा नाही. एकदा एक प्राध्यापक आपल्या वडिलांचा बाक घेऊन आले. म्हणाले, फक्त वरून पॉलिश मारा, आतून ठणठणीत आहे. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाक दगडावर. प्राध्यापकांनी सुरुंगाच्या कानाखाली वाजवली. सुरुंगाने प्राध्यापकांच्या वाजवली. मग दोघांनी खाली बसून तुकडे पाहिले, तर पाठीची आडवी फळी आतून भुशाची झालेली. प्राध्यापक गाल चोळत म्हणाले, "माझी नातवंडं यावर उड्या मारतात हो." पुढे ते दर महिन्याला यायचे, आणि दोघे एकमेकांना लवून नमस्कार करायचे.

मारामारीची अशी डझनभर आख्यानं आहेत आणि सगळी सांगताना मला मजा येते. पण एका बाबतीत त्याच्याशी मजा चालत नव्हती. लाकडात लपलेलं लोखंड.

त्याचे वडील लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर होते. हा नऊ वर्षांचा असताना त्यांचा डबा घेऊन गेला. झाड जिवंत असताना कुणीतरी त्यात खिळा ठोकलेला. झाडाने तो गिळून वर साल धरलेली. पातं खिळ्याला भिडलं, पात्याचा दात उडाला आणि वडिलांच्या गळ्यातून आरपार गेला. हा डबा घेऊन दारात उभा. ही गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली, पुन्हा नाही. पण त्याच्या शेडमध्ये खिळ्याला दोरीने बांधलेलं एक चुंबक टांगलेलं असायचं, जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं, बशीएवढं. कुठलंही लाकूड मशीनच्या करवतीवर चढवण्याआधी ते चुंबक त्याच्यावरून सावकाश फिरवायचं. दोरी जरा जरी वळली की थांबायचं आणि खोदायचं.

माझ्याआधी त्याच्याकडे एक फिटर कामाला होता. त्याने आळसापोटी एक मोडका खिळा आत तसाच ठेवून वर भुसा आणि सरस भरला. चुंबकाने चुगली केली. सुरुंगाने त्याला बाकाच्या फळीने मारलं. फळी मोडेपर्यंत मारलं. मग मोडलेली फळी जोडली, सुकायला ठेवली आणि फिटरला म्हणाला, "उद्या ये. उद्यापर्यंत ही घट्ट होईल." फिटर गाव सोडून गेला.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी तेच केलं.

मी आयुष्यभर कापडाच्या दुकानात होतो. आमच्या धंद्यात ताग्यावर डाग निघाला तर आरडाओरडा करत नाहीत. डाग आत जाईल अशी घडी घालतात आणि हसून गिऱ्हाइकापुढे ठेवतात. चाळीस वर्षं मी अशा घड्या घातल्या. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना, म्हणून साडूच्या शेडमध्ये जाऊ लागलो. माप माझं चोख, हात स्वच्छ. त्याने मला भोकं पाडायला, स्क्रू पिळायला, आणि स्क्रूच्या डोक्यावर लाकडी बूच बसवायला शिकवलं.

एका हॉटेलचे सहा बाक होते. शेवटचा बाक, शेवटचा स्क्रू. बाहेर हॉटेलचा टेंपो उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. सुरुंग तेल आणायला कोपऱ्यावर गेलेला. जुनं सागवान दगडासारखं कडक असतं. त्यात स्क्रू पिळण्याआधी त्याच्या आट्यांना साबण चोळायचा असतो. मी घाईत चोळला नाही. हाताला एक 'कट्' जाणवलं आणि स्क्रूचं डोकं सुटून पायाशी पडलं. बाकीचा दीड इंच आत.

तो काढायचा म्हणजे भोवती पोकळ नळीने कोरून, उपटून, भोक भरून, पुन्हा पहिल्यापासून. तासाचं काम. मी काय केलं, ठोकणीने तुकडा अजून आत बसवला, वर सागाचं बूच घातलं, रेषेला रेषा जुळवली, पटाशीने सपाट केलं, तेल पुसलं. घडी घातली. सुरुंग आला, तळहात फिरवला, थांबला. म्हणाला, "साडू, हे बूच तुम्ही बसवलंत? दिसत सुद्धा नाही हो. हात बसला तुमचा आता."

त्याने आयुष्यात केलेलं माझं हे एकच कौतुक. ते चार वर्षं माझ्या घशात होतं.

आता पुढचं. गावातला भंगारवाला, त्याला सगळे गोणी म्हणत, कारण भरलेल्या गोणीला हातपाय फुटावे तसा दिसायचा. बोलायला गोड, मनाने मऊ. हॉटेलं बंद पडली, शाळांनी बाक बदलले, की माल गोणीकडे यायचा आणि गोणीकडून सुरुंगाकडे. बूच बसवल्याला चार वर्षं झाली असताना एकदा त्याने हातगाडीभर लाकूड आणून टाकलं. पाय गेलेले, फळ्या सुट्या, सगळ्यावर कुणीतरी गडद हिरवा ऑइलपेंट थापलेला. सुरुंगाला त्यातून खुर्च्यांसाठी पट्ट्या कापायच्या होत्या. रंग खरवडायला दोन दिवस गेले असते. त्याने चुंबक फिरवलं. दोरी सरळ राहिली. फळी मशीनवर चढली.

एक सांगायचं राहिलं. भांड्यांच्या दुकानात बायका स्टीलच्या पातेल्याला चुंबक लावून बघतात. चिकटलं नाही तर स्टील अस्सल. बाहेरच्या फर्निचरला गंज चढू नये म्हणून सुरुंग अस्सल स्टीलचेच स्क्रू वापरायचा. कारागिरांचं हे नेहमी असं होतं बघा. चुंबक बापाच्या खिळ्यासाठी टांगलेलं, लोखंडासाठी. आपण स्वतः वापरतो ते स्टील त्याला दिसत नाही, हे इतक्या वर्षांत ना त्याच्या डोक्यात आलं ना माझ्या.

करवतीचा चालता आवाज दाट, एकसारखा असतो. तो अचानक किंचाळला. फळी उलटी फिरून सुरुंगाच्या बरगड्यांखाली बसली, आणि ढकलणाऱ्या उजव्या हाताला पुढे काहीच उरलं नाही म्हणून हात तसाच पुढे गेला. करंगळी मुळापासून, शेजारचं बोट मधल्या पेरापासून. पात्याचा एक दात सुटून माझ्या कानाशेजारच्या खांबात घुसला. अजून आहे तिथे. हिरव्या रंगावर रक्त काळं दिसतं हे मला त्या दिवशी कळलं. सुरुंग ओरडला नाही. वाईट जोडाकडे बघावं तसा स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

मेव्हणी टॉवेल आणि स्टीलचा डबा घेऊन आली. हात करकचून बांधला आणि गुडघ्यांवर बसून भुसा चाळायला लागली. "भावजी, खांबासारखे उभे काय? बोटं शोधा."

मी बसलो. चाळताना माझ्या हाताला ती फळी लागली. हिरव्या रंगाखाली, कापलेल्या तोंडावर, अर्धं कापलेलं एक गोल बूच, आणि त्याच्या पोटात चमचमणारा स्क्रूचा तुकडा. रेषेला रेषा जुळलेली. आपल्या पोराला कुणी गर्दीत ओळखावं तसं मी ते ओळखलं.

बोटं सापडली, पण डॉक्टरांना जोडता आली नाहीत. नऊ दिवस सुरुंग दवाखान्यात होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य, "मी चुंबक फिरवलं होतं." दहाव्या दिवशी घरी न जाता मला म्हणाला, "चला, गोणीकडे."

गोणी आपल्या आवारात लाकडी हातांच्या खुर्चीत बसलेला. आम्हाला बघून लगबगीने उठला. "या या, बसा. कसा आहे हात? मी रोज विचारतोय सगळ्यांना." आणि आपली खुर्ची पुढे केली.

"तुला माहीत होतं?" सुरुंगाने विचारलं.

"काय हो?"

"आत काय होतं ते. तूच भोक बुजवून वर रंग मारलास. जास्त चांगलं दिसावं म्हणून."

गोणी हसला. घाबरला की तो हसायचा. "अहो, मला लाकूड कळतं का? मी तर सगळं किलोवर घेतो, उद्या तुम्हालाही घेईन..."

सुरुंगाने खुर्ची उलटी केली, आपटली, सुटलेला पाय डाव्या हातात घेतला. पहिला घाव तोंडावर. गोणीचे पुढचे दोन दात जमिनीवर पडले ते मी पाहिले, एकाला सोनेरी टोपी होती. दुसरा खांद्यावर, हाड मोडल्याचा आवाज आला, ओल्या फांदीसारखा. गोणी पडला आणि पडल्या पडल्या म्हणत राहिला, "आईशपथ, मी नाही घातला. आईशपथ." सुरुंग मारत राहिला. पट्टीतून रक्त यायला लागलं तरी मारत राहिला.

माझ्या हातात त्याच्या औषधांची पिशवी होती. मी ती दोन्ही हातांनी धरून उभा होतो.

शेवटी रस्त्यावरची माणसं धावली आणि पाच जणांनी त्याला ओढून काढलं. पोलिसात जा, असं गोणीला सगळ्यांनी सांगितलं. तो सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "पोलीस आवारात आले तर आधी मलाच विचारतील, यातलं काय कुठून आणलंस." पण त्याला दोन जावई होते आणि जावयांना असली अडचण नव्हती. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ते गज घेऊन आले. शेडचे पत्रे ठेचले, तेलाचे डबे ओतले, पाण्याची टाकी फोडली. मेव्हणी मधे गेली तर एक दगड तिच्या कपाळाला लागला. सहा टाके. सुरुंग बँडेज बदलायला दवाखान्यात होता. परत आला, बायकोचं कपाळ बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून अंगणात बसून वाकस घासायला लागला. वाकस म्हणजे लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार, कुऱ्हाडीची सख्खी बहीण.

मेव्हणी आमच्या घरी आली. बसली नाही. "ते उद्या जाणार. मी पाय धरले, ऐकत नाहीत. कुणीतरी मरणार, भावजी. ते तरी नाहीतर गोणी तरी."

ती गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "सांगा त्यांना."

"मारेल मला."

"मारतीलच. नाहीतर मी जाऊन सांगते, मग तुम्हाला दोघं मिळून मारू." मी उठलो तशी मागून म्हणाली, "आणि कवळी काढून ठेवा. नवी करायला महिना लागतो."

मी कवळी खिशात घालून गेलो. सुरुंग तीन बोटांत दगड धरून धार लावत होता. मी समोर उभा राहून एका दमात बोललो. हॉटेलचा बाक, साबण, टेंपो, बूच, सगळं. दात नसल्यामुळे अर्धं त्याला कळलं नसावं, कारण त्याने शांतपणे विचारलं, "कोणतं बूच?"

"ज्याचं तू कौतुक केलंस ते."

इतकी वर्षं मला "तुम्ही" म्हणणारा माणूस. "तू," म्हणाला. पुढे काही नाही, नुसतं "तू." वाकस खाली ठेवला, माझ्या मानगुटीला धरून शेडमध्ये नेलं. मशीनला नवं पातं बसवलेलं होतं. त्याने माझा उजवा हात मनगटाशी धरून पात्यापुढे टेबलावर दाबला आणि कोपराने बटण दाबलं.

मशीन सुरू झालं नाही.

त्याने पुन्हा दाबलं. दोनदा दाबलं हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर लोक म्हणतात, घाबरवत असेल. घाबरवत नव्हता. मी माझ्या बोटांकडे बघत होतो आणि मनात एकच, की करंगळी तरी राहू दे, कापड मोजताना तिनेच कड धरतात. घराच्या दारातून मेव्हणी म्हणाली, "मेन स्विच पाडलाय मी. दोघं बाहेर या."

सुरुंगाने हात सोडला नाही. खूप वेळ सोडला नाही. त्याचा श्वास माझ्या कानात वाजत होता. मग म्हणाला, "अजून किती पुरलेस?"

"एकच."

"खोटं."

"एकच. पोरांची शपथ."

त्याने मला सोडलं आणि काळ्या दगडावर जाऊन बसला. "मी रंग खरवडला असता तर बूच दिसलं असतं," तो स्वतःशीच म्हणाला. "दोन दिवसांचं काम होतं." मग डोकं वर करून, "आणि तू तिथे उभा होतास. मी त्याला मारत होतो तेव्हा."

"होतो."

"पिशवी धरून."

"हो."

तो उठला. "चल."

वाकस तिथेच राहिला. आम्ही चालत गोणीच्या आवारात गेलो. मेव्हणी मागून, कपाळाला पट्टी. दोन्ही जावई गज घेऊन दारात आले. सुरुंगाने हात वर केले, आठ बोटं. गोणी आत पलंगावर होता, खांदा बांधलेला, तोंड भोपळ्यासारखं. जावयांच्या आधाराने बाहेर आला. सुरुंग त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "तू नव्हतास. हा होता. आणि मी विचारायच्या आधी मारलं. आता तू आपट."

गोणीला समजेना. "काय आपटू?"

"मला. काय सुटतंय बघ."

खुर्चीचा तो पाय अजून कोपऱ्यात पडलेला होता. एका जावयाने तो उचलून सासऱ्याच्या चांगल्या हातात दिला. गोणीने तो तोलून पाहिला. मग सुरुंगाला बाजूला सारून माझ्यापुढे आला.

"हा रागात होता," तो बोबडं बोलला. त्याचेही दात नाहीत, माझेही नाहीत. "याला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं ना? मी आईची शपथ घेत होतो आणि तू बघत होतास."

मी हो म्हणालो की नुसती मान हलवली ते आठवत नाही. घाव गळ्याखालच्या हाडावर बसला. मी खाली बसलो तेव्हा दुसरा दंडावर. मऊ माणूस, पण वजन होतं त्यात. मग तो वळला आणि सुरुंगाला तीन मारले, मोजून, पाठीवर, मांडीवर आणि तोंडावर. सुरुंगाने हात खाली ठेवले. नाक फुटलं, गळत राहिलं, पुसलं नाही. जावई पुढे सरसावले तशी मेव्हणी म्हणाली, "तुमचं माझ्या कपाळावर झालंय. तुम्ही मागे व्हा." झाले.

गोणीने पाय सुरुंगाच्या अंगावर फेकला. "माझी खुर्ची होती ती. सासऱ्यांनी दिलेली. नीट करून दे."

ती खुर्ची आम्ही त्याच्या आवारातच केली. माझा एक हात गळ्यात, सुरुंगाची दोन बोटं नाहीत, म्हणजे दोघांचे मिळून तीन हात. त्याने धरायचं, मी पिळायचं. प्रत्येक स्क्रूला मी इतका साबण लावला की लाकूड फेसाळलं. पूर्ण झाली तेव्हा गोणी म्हणाला, "चुंबक लावून बघू का?" सुरुंग म्हणाला, "स्टीलला चिकटत नाही." गोणीने खुर्ची एका हाताने उचलली आणि सिमेंटवर आपटली. पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा जावयांनी आपटली. मग तो तिच्यात बसला. कुरकुर नाही.

एवढ्याने सुटलो असं समजू नका. मी हात लावलेल्या जेवढ्या वस्तू लोकांच्या अंगणात गेल्या होत्या त्या सगळ्या मेव्हणीला तोंडपाठ. हाड जुळल्यावर सुरुंगाने मला हातोडा दिला आणि घरोघर नेलं. मालकांच्या समोर मी बाक फोडायचा, एकेक बूच उपटून आतला स्क्रू अख्खा आहे हे दाखवायचं, आणि मग आम्ही तो पुन्हा जोडून द्यायचा. नऊ घरं. एका दातांच्या डॉक्टरने आपला बाक फुटताना पाहून माझ्यावर बागेचा पाइप सोडला. एका म्हातारीने कुत्रा सोडला. सुरुंग शेजारी उभा राहून त्यांना सांगायचा, "तपासणी आहे." एकही सापडला नाही. एकच होता, हे नवव्या घरी त्याला पटलं. परत येताना म्हणाला, "साडू, पाणी प्या."

मला पुन्हा "तुम्ही" म्हणाला, म्हणजे झालं.

अजून मी रोज जातो. हाड थंडीत ठणकतं. त्याने आठ बोटांत रंधा धरायची नवी रीत काढली आहे आणि शिव्या पूर्वीपेक्षा जास्त देतो. चुंबक उतरवून त्याने गळक्या नळाच्या दांड्यावर वजन म्हणून लटकवलंय. आता कितीही घाई असो, हिरवा असो की पिवळा, आधी सगळा रंग खरवडायचा. आणि स्क्रू तुटला की लपवायचं नाही, हातातलं सोडून मोठ्याने ओरडायचं, "तुटला", म्हणजे तो हातोडा घेऊन येतो. गेल्या आठवड्यात एक तुटला. ओरडायच्या आधी मी कवळी काढून खिशात ठेवली. त्यामुळे ओरडणं काही नीट झालं नाही, पण त्याला कळलं.